होल्ड ऑफ

सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या पेढीवर मी १९ वर्षं काम करतोय. नेमणूक हिशेबासाठी होती. पण पेढीत इंग्रजी वाचणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून परदेशी जाणाऱ्या मालाचे मेलही माझ्याच गळ्यात पडले. माझ्याकडं भांडवल काय, तर बारावीपर्यंतचं इंग्रजी, एक जाडजूड डिक्शनरी आणि आत्मविश्वास. यातलं तिसरं गरजेपेक्षा जास्त होतं, हे एका गुरुवारी कळलं.

मार्च महिना. सौदे जोरात, यार्डात पाय ठेवायला जागा नाही. आमची राजापुरी हळकुंडं न्हावाशेवा बंदराला जायची होती. ५० किलोची ३२० पोती, म्हणजे १६ टन. लॅबचा रिपोर्ट आला नव्हता म्हणून माल आठवड्याच्या सुरुवातीपासून ‘होल्डवर’ होता. हा शब्द आमच्याकडं हमालालाही माहीत आहे. गाडी होल्डवर, बिल होल्डवर, एकाचं तर लग्नसुद्धा होल्डवर होतं. बुधवारी रिपोर्ट चांगला आला आणि मुंबईच्या फॉरवर्डरचा, म्हणजे माल जहाजावर चढवून देणाऱ्या एजंटचा, निरोप कधी येतोय याची आम्ही वाट बघत बसलो.

गुरुवारी दुपारी साडेबाराला मेल आला. एकच ओळ: ‘काइंडली होल्ड ऑफ डिस्पॅच टिल मंडे.’

मी वाचलं आणि तिथूनच ओरडलो, “शेठ, होल्ड ऑफ झाला! सोमवारपर्यंत माल पोचवा म्हणतायत.”

शेठ गादीवरून उठलेच. मुकादमाला हाक गेली, दहा टायरी गाडी दारात लागली. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून शेठना पोत्यावरचा ‘सांगली’ शब्द ठसठशीत लागतो. शाई जरा पुसट दिसली की पोतं बाजूला. त्यात तासभर गेला, नाहीतर गाडी चारलाच सुटली असती. सहाला ताडपत्री आवळली, नारळ फुटला, गाडी पेठच्या रस्त्याला लागली. मी मुंबईला उलट मेल टाकला, ‘नोटेड.’ हा एक शब्द लिहून आपण सगळं समजल्याचं दाखवता येतं, म्हणून तो माझा फार लाडका होता.

सव्वाआठला मी पेढी बंद करून घरी चाललो होतो. विश्रामबागच्या चौकात मोबाईल वाजला. मुंबईचा मेल: ‘थँक्स फॉर होल्डिंग ऑफ.’

माझी गाडी कडेला लावली. थँक्स कशाबद्दल? माल पाठवल्याबद्दल म्हणावं तर गाडी निघाल्याचं मी कळवलंच नव्हतं. आणि ‘होल्डिंग ऑफ’ आम्ही केलंय असं तो म्हणतोय. होल्ड तर त्यांनी उठवला होता ना? मी दुपारचा मेल पुन्हा उघडला आणि पहिल्यांदा तो नीट वाचला. सुरुवातीला ‘काइंडली’ होतं. काइंडली म्हणजे कृपया. म्हणजे पुढचं सगळं आमच्यासाठी विनंती आहे, कसली बातमी नाही. बातमी द्यायची असती तर ‘द होल्ड इज ऑफ’ असं लिहिलं असतं. मधला तो ‘इज’ माझा मीच मनात घालून घेतला होता.

आणि ‘टिल’. टिल म्हणजे पर्यंत, हे पाठ. पण मराठीत ‘सोमवारपर्यंत पाठवा’ आणि ‘सोमवारपर्यंत थांबा’, दोन्हीकडं ‘पर्यंत’ एकच. इंग्रजीत सोमवारपर्यंत काम उरकायचं असेल तर ‘बाय मंडे’, आणि सोमवारपर्यंत तसंच राहायचं असेल तर ‘टिल मंडे’. त्यानं टिल लिहिलं होतं, म्हणजे सोमवारपर्यंत माल पाठवू नका. ओळ अगदी चोख होती हो. वाचणारा चुकला.

ड्रायव्हरला फोन लावला, तर स्विच ऑफ. हा ऑफ मात्र मला बरोबर कळला. क्लीनर पोराचा नंबर मुकादमाकडं होता, मुकादम जेवायला बसलेला, त्याच्या बायकोनं फोन उचलला. नंबर मिळून पोरगं सापडेपर्यंत पावणेदहा झाले. “कुठाय रं?” म्हटलं. “साताऱ्याच्या फुडं, वाढे फाट्यावर. मामा जेवाय उतरल्यात.” अजून थोड्या वेळानं गाडी खंबाटकी घाटाला लागली असती. “मामांना सांग, जेवण झालं की गाडी माघारी.” पोरगं गप्प. मग हळूच, “सायेब, भांडण झालं काय पेढीत?”

मग शेठना फोन. ते ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. जहाज पुढं ढकललं असणार, बंदरावर गाडी चार दिवस उभी राहिली असती तर हॉल्टिंग, म्हणजे खोळंब्याचं भाडं, किती बसलं असतं, एवढं त्यांनीच तोंडी मोजलं. मग म्हणाले, “डिझेल आणि दुबार हमाली. कुणाच्या नावावर धरू?” मी म्हणालो, “माझ्या.”

दुसऱ्या दिवशी पोती परत उतरत होती तेव्हा मी डिक्शनरी घेऊन गोदामात बसलो. रागच आला होता. एवढंसं ‘होल्ड’, पण मागं शेपटी बदलली की जनावर बदलतं. होल्ड ऑन म्हणजे जरा थांबा. होल्ड अप म्हणजे अडकवून ठेवणं, बंदुकीच्या धाकानं लुटणंही तेच, आणि एखादी गोष्ट तग धरून राहिली तर तेही होल्ड अप. होल्ड बॅक म्हणजे हात आखडता घेणं. होल्ड आउट म्हणजे टिकून राहणं, आणि त्याला पुढं ‘फॉर’ जोडलं की जास्त भावासाठी अडून बसणं. आमचे निम्मे शेतकरी दर हंगामात हेच करतात आणि मला त्याचं इंग्रजी माहीत नव्हतं! होल्ड ऑफमधला ऑफ हा बटण बंद करणारा ऑफ नाहीच. तो लांब, दूर असा ऑफ आहे. लांब धरून ठेवा, जवळ येऊ देऊ नका, म्हणजेच लांबवा. पाऊस येता येता राहिला तरी इंग्रज ‘द रेन हेल्ड ऑफ’ म्हणतो.

मुकादम पोत्यावर बसून तंबाखू मळत होता. त्याला मी हे सगळं ऐकवलं. म्हटलं, बघा, एका शब्दाचे दहा अर्थ, कसली भाषा ही. तो म्हणाला, “आन् आपलं ‘धरणं’ काय कमी हाय व्हय? पोरगं बाळसं धरतंय. बाई अबोला धरती. डाळिंबाचा बहार धरायचा, पंढरीची वाट धरायची. काल शेठनं खर्च तुमच्या नावावर धरला. त्यात हातानं धरायचं काय हाय?”

मी त्याच्याकडं बघतच राहिलो. हा माणूस चौथीत शाळा सोडलेला.

खरी गोम मला तिथं कळली. आपल्याकडं अर्थ फिरवणारा शब्द आधी येतो आणि क्रियापद शेवटी. ‘धरलं’ ऐकू येईपर्यंत अबोला की बहार ते ठरलेलं असतं. क्रियापद आलं की वाक्य संपलं, मान हलवायची. इंग्रजीत क्रियापद पुढं आणि त्याचा अर्थ ठरवणारा टीचभर शब्द मागून येतो. कधी तर मागूनही नाही, लांबून. ‘इट’ असलं की तो मधे घुसतो आणि ऑफ आणखी पुढं सरकतो: ‘होल्ड इट ऑफ’. आपण ‘होल्ड इट’ला मान हलवून मोकळे. १९ वर्षं मी इंग्रजी मेल मराठी डोळ्यांनी वाचत आलो होतो, क्रियापदाशी थांबून. इतके दिवस निभावलं कसं, हेच नवल. किंवा निभावलं नसेलही, कुणी थँक्स म्हटलं नसेल म्हणून कळलं नसेल.

सोमवारी सकाळी अकराला मेल आला: ‘प्लीज गो अहेड विथ डिस्पॅच.’

गो अहेड मला येत होतं. ‘विथ’वर अडलो. डिस्पॅचसोबत पुढं जा, म्हणजे नक्की काय? डिक्शनरी उघडली आणि मिटली. सरळ मुंबईला फोन लावला. पलीकडचा माणूस इंग्रजीत बोलायला लागला. म्हटलं, “साहेब, मराठी येतं का? माल पाठवू का नको, एवढंच सांगा.”

तिकडं जरा शांतता. मग तो म्हणाला, “पाठवा की! आणि अहो, मी आपल्याच जिल्ह्यातला, कवठेमहांकाळचा हाय. गुरुवारी बी फोनच करायचा की.”