वायुदलातला दर्यावर्दी

‘हा तर वायुदलाचा अधिकारी, मग तुम्ही त्याला दर्यावर्दी का म्हणता?’ चार्ल्स सॅमसन या ब्रिटिश वैमानिकाचा विषय काढला की हा प्रश्न येतोच. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

सॅमसन 1896 साली, पोरवयातच, ब्रिटिश नौदलात कॅडेट म्हणून दाखल झाला. 1911 मध्ये इंग्लंडमधल्या ईस्टचर्चला विमान शिकायला चार अधिकारी निवडले गेले, त्यांत तो होता. शिकायची विमानं फ्रँक मॅक्लीन नावाच्या हौशी वैमानिकानं स्वतःची देऊ केलेली. उडता येऊ लागल्यावरही याच्या डोक्यातून जहाज काही गेलं नाही. जानेवारी 1912 मध्ये त्यानं नांगरलेल्या ‘आफ्रिका’ युद्धनौकेच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, बांधलेल्या फळ्यांवरून उड्डाण केलं. अमेरिकेत यूजीन इलीनं हे आधीच करून दाखवलं होतं. पण त्याच वर्षी मे महिन्यात इंग्लंडमधल्या वेमथला सॅमसन ‘हायबर्निया’ या युद्धनौकेवरून उडाला, तेव्हा ती चालत होती. चालत्या जहाजावरून उडालेला जगातला तो पहिला माणूस. जहाज वाऱ्याच्या तोंडावर चाललं की विमानाला धाव कमी लागते. आजच्या विमानवाहू नौकाही विमान सोडताना वारा समोर घेतात.

पहिल्या महायुद्धात त्यानं फ्रान्समधल्या डंकर्कला मोटारींना पोलादी पत्रे ठोकून चिलखती गाड्या केल्या, पुढे तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीवर उडाला. पण मला खरा सॅमसन दिसतो तो 1918 मध्ये.

एप्रिलमध्ये नौदलाची आणि लष्कराची विमानशाखा एक होऊन रॉयल एअर फोर्स झालं. कागदोपत्री तो आता वायुदलाचा. (फ्लाइट लेफ्टनंट, विंग कमांडर ही आपल्याही वायुदलातली पदनामं नौदलाच्या त्या विमानशाखेतूनच आलीत.) मे महिन्यात हा अधिकारी कुठे होता? उत्तर समुद्रात, विनाशिकेमागे भरधाव ओढल्या जाणाऱ्या सपाट पडावावर, कॅमल या लढाऊ विमानात बसलेला. झेपेलिन, म्हणजे जर्मनांची हवाई जहाजं, गाठायची तर विमान त्यांच्या वाटेवरच न्यायला हवं, हा हिशेब. हाताखालच्या पोराला आधी न पाठवता तो स्वतः बसला. विमान पुढे कोसळलं आणि पडाव त्याच्यावरून गेला. तो पाण्यातून जिवंत वर आला आणि विमानाला चाकांऐवजी बसवलेल्या घसरपट्ट्या काढून पुन्हा चाकं लावायला लागला.

11 ऑगस्टला स्टुअर्ट कली हा तरुण अशाच पडावावरून उडाला आणि त्यानं ‘एल 53’ झेपेलिन पाडलं. त्याचं ते कॅमल लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियममध्ये टांगलेलं आहे. मला एकदा त्याच्याखाली उभं राहायचंय.