अण्णांचे चौदा फोटो आणि २५५ बाइट

घरच्या फोटोंचं साडेतीनशे जीबी एका रात्रीत बिनबोभाट नव्या डिस्कवर गेलं. उरलेल्या १४ फोटोंनी दोन रात्री घेतल्या.

आमचं घर सांगलीत, गावभागात. २०१९ च्या महापुरात अल्बम भिजले. वाचलेले फोटो अण्णांनी वाळवून स्कॅन केले आणि प्रत्येक फाइलच्या नावातच अख्खी हकीकत लिहिली. सगळं विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवर. ते घरच्या लिनक्स सर्व्हरच्या ईएक्सटी४ डिस्कवर न्यायचं होतं. (एनटीएफएस, ईएक्सटी४ या फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धती.)

आरसिंक हा फाइली कॉपी करणारा प्रोग्रॅम लावून झोपलो. सकाळी शेवटी कोड २३, म्हणजे काही फाइली राहिल्या. कारण काय, तर नाव फार लांब. मला पटेना. नावाची मर्यादा दोन्हीकडे २५५ च आहे! केबल बदलली, डिस्क तपासली, पुन्हा चालवलं. तेच १४.

दुसऱ्या रात्री उलगडलं. एनटीएफएस २५५ चिन्हं मोजतं, ईएक्सटी४ २५५ बाइट. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे लिनक्सवर अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं; काना, वेलांटी, हलन्त सगळे वेगळे. नुसत्या 'च्या'चे १२ बाइट. 'हरिपूर संगमेश्वराच्या देवळाच्या पायरीवर आत्याच्या लग्नानंतर सगळे भाऊ आणि वहिन्या एकत्र बसलेले १९७८', पुढे डॉट जेपीजी: चिन्हं १०२, बाइट २७४. इंग्रजीत नाव लिहिणाऱ्याला २५५ अक्षरं आणि आपल्याला जेमतेम ८५. याचा राग अजून गेलेला नाही.

म्हणून आधी मूळ डिस्कवरच नावांचे बाइट मोजा, लांब असतील ती तिथेच बदला. स्क्रिप्टने शेपूट छाटू नका, साल नेमकं शेवटी असतं. पूर्ण मजकूर त्याच फोल्डरात एका टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा.

आणि हो, एमव्ही, म्हणजे फाइल हलवायची लिनक्सची कमांड, मी मुद्दाम वापरलं नाही. फाइलसिस्टिम वेगळी असली की ते आधी कॉपी करतं आणि मग मूळ पुसतं. मध्येच लाइट गेली, तर कॉपी झालेलं डिस्कवर पुरतं उतरलेलं असेलच असं नाही. आधी कॉपी, मग आरसिंकच्या ड्राय रनला (काहीही न बदलता नुसता फरक दाखवणं) चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जोडून पडताळणी, पुसणं सर्वांत शेवटी. मी मूळ डिस्क महिनाभर कपाटात ठेवली.

नावं अण्णांना शेजारी बसवूनच लहान केली. हरिपूरच्या फोटोतलं 'सगळे भाऊ आणि वहिन्या' त्यांनी काढू दिलं नाही. 'एकत्र बसलेले' काढलं. २३९ बाइट झाले, फोटो सर्व्हरवर गेला.