पुठ्ठ्यावरचा तीनताल

पाचवीत या शाळेत आलो तेव्हा वर्गात डोळ्यांनी अजिबात न दिसणारा मी एकटाच, आणि संगीताच्या तासाला सगळे फळ्यावरचं नोटेशन उतरवून घ्यायचे तेव्हा मी नुसता बसून असायचो. बाईंच्या ते लक्षात आलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी घरून एक पुठ्ठा आणला, त्यावर डिंकाने साबुदाणे चिकटवलेले, चार-चार मात्रांच्या चार ओळी, समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, चिंचोका, पाचव्या नि तेराव्या मात्रेवर मटकी आणि नवव्या मात्रेला, जिथे टाळी न देता हात मोकळा सोडतात त्या 'खाली'ला, चक्क भोक पाडलेलं. "ही खाली रे बाळा, बोट आत जातंय ना?" सोळा मात्रांचा तीनताल मला तिथे कळला.

पेटीवर पण तसंच, आधी काळ्या पट्ट्या चाचपायच्या, दोनांचा गट सापडला की त्याच्या लगेच डावीकडे पांढरी एक. आजही पेटी पुढे आली की हात आपोआप तिथेच जातो.

बाई आम्हाला पलुस्करांची गोष्ट सांगायच्या. विष्णु दिगंबरांचे डोळे लहानपणी फटाक्याने अधू झाले, तरी त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, स्वतःची स्वरलिपी केली, आणि पुढे आपल्या नाशकात येऊन राहिले. मला त्याचा केवढा आधार वाटायचा!

परीक्षेत मात्र फार त्रास झाला. एका केंद्रावर मिळालेल्या लेखनिकाला कोमल गंधार, म्हणजे थोडा उतरलेला ग, तेच माहीत नव्हतं, मी सांगतोय ग खाली आडवी रेघ आणि तो नुसताच ग लिहितोय, मार्क गेले ते गेलेच. गायला येत होतं हो सगळं, अडलं ते कागदावर. खरं तर ठिपक्यांत संगीत लिहायची पद्धत लुई ब्रेलने १८२९ मध्येच छापली होती, पण आपल्या बंदिशी ब्रेलमध्ये मिळणं अजून मुश्किल, आणि नेटवरची पुस्तकं बहुतेक नुसते फोटो काढून टाकलेली असतात, त्यातलं एक अक्षर माझा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वाचत नाही.

आता मी स्वतः शिकवतो. माझ्याकडे एक ऐकू न येणारी मुलगी ढोल शिकते, तळवा ढोलाच्या पानावर ठेवून ठेका पकडते, आणि सम कधी चुकत नाही तिची.

शाळेला दोनच विनंत्या आहेत, संगीताची खोली तळमजल्यावर आणा, व्हीलचेअरवरच्या मुलांनाही येता येईल. आणि वर्गातल्या बंदिशी टाइप करून मला पाठवा, ब्रेल मी करून देतो, पैसे नकोत.