केकला पुण्याची हवा

ऑक्टोबर उजाडला की मोबाइलच्या पडद्यावर लालतांबूस पानांचा सडा पडतो, लोकरीचे मोजे आणि वाफाळते कप दिसू लागतात आणि कोणीतरी भोपळ्याच्या केकची कृती पुढे ढकलतं. पुण्यात त्याच दुपारी पंखा पाचावर असतो. पाऊस नुकता परतलेला, ऊन चटके देणारं. पानगळ आपल्याकडे माघ-फाल्गुनातली. थंडीची चाहूल दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानाला लागते आणि डिसेंबरात काही रात्री पारा दहाच्याही खाली उतरतो. कृती लिहिणाऱ्याच्या गावात शरद आणि नाताळ हे एकाच गारव्याचे दोन टप्पे असतात. आपल्याकडे ते दोन निराळे ऋतू आहेत. घरच्या केकची निम्मी रड इथूनच सुरू होते, आणि दोष मात्र बिचाऱ्या बेकिंग पावडरला मिळतो.

‘बटर खोलीच्या तापमानाला आणा’ हे वाक्य जवळपास प्रत्येक कृतीत असतं. ती खोली विसेक अंशांची असते, हे कोणी सांगत नाही. बटर आणि साखर फेटताना साखरेचे कण बटरात हवेचे बारीक कप्पे पाडत जातात. बेकिंग पावडर नवे कप्पे पाडत नाही, आहेत ते फुगवते. बटर १८ ते २१ अंशांच्या आसपास असलं तरच ही हवा धरून ठेवतं. ऑक्टोबरातल्या दुपारी ओट्यावर अर्धा तास ठेवलेलं बटर तेलकट होऊन बसतं. मग कितीही फेटा, केक दडसच. डिसेंबरातल्या सकाळी तेच बटर दोन तास बाहेर ठेवलं तरी वीट ती वीट. म्हणून ऑक्टोबरात फ्रीजमधून काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं पुरेत. डिसेंबरात बटराचे तुकडे करावेत आणि स्टीलच्या पातेल्यात उकळतं पाणी घालून ते गरम झालं की ओतून, पुसून बटरावर पालथं घालावं. मायक्रोवेव्हच्या वाटेला जाऊ नये, तिथे बाहेरून वीट आणि आतून तूप असा प्रकार होतो. खूण एकच: बोट दाबलं तर खळगा पडावा, पण बोट तुपकट होऊ नये.

साखरेचंही तसंच. आपल्या किराण्यातली साखर जाड दाण्याची असते. फेटताना ती विरघळत नाही आणि भाजल्यावर केकच्या वरच्या सालीवर ठिपके उमटतात. मिक्सरमधून दोनदा फिरवली की काम होतं, पण पार पीठ करायचं नाही, बारीक रव्याइतकी ठेवायची. मैदा वजनावर घ्यावा. ‘एक वाटी’ म्हणजे किती, हे त्या घरच्या वाटीला विचारावं लागतं; दाबून भरलेल्या आणि हलक्या हाताने भरलेल्या वाटीत सहज २५–३० ग्रॅमचा फरक पडतो. कणीक वापरायची असेल तर तीही मैद्याच्या मापाने चालत नाही. चक्कीत दळताना गव्हातला स्टार्च जास्त दुखावतो आणि जास्त पाणी पितो, त्यामुळे मैद्याइतकीच कणीक घेतली तर दूध दोन-तीन चमचे वाढवावं लागतं.

मग ऑक्टोबरात करायचं काय? तेलाचा केक. त्यात बटराची भानगडच नाही. आणि त्या पडद्यावरच्या भोपळ्याच्या केकला आपण परके नाहीच. लाल भोपळा, गूळ आणि जायफळ यांचे घारगे आपल्याकडे होतातच. लागणारं सगळं घरात असतं. भोपळा उकडू नये, वाफवावा. कुस्करून पंधरा मिनिटं पंचात टांगावा, कारण आपला भोपळा पाणी फार धरतो आणि ते पाणी काढलं नाही तर केक कडेने भाजला तरी मधे गिच्च राहतो. निथळलेला गर २५० ग्रॅम, चिरलेला गूळ १५०, तेल १०० मिली, दोन अंडी, मैदा २०० ग्रॅम, पाऊण चमचा खायचा सोडा, अर्धा चमचा बेकिंग पावडर, चमचाभर दालचिनी, अर्धा चमचा सुंठ, पाव जायफळ किसून. लांबट डब्यात १७० अंशांवर पन्नास मिनिटं. गुळाची थोडीशी आंबट वृत्ती सोड्याला कामाला लावते. साखर घेतलीत तर सोडा कमी करून पावडर वाढवा, नाहीतर साबणासारखी चव येते.

दिवाळीत ओव्हनचा मान नानकटाईचा. पूर्वी मैदा, पिठीसाखर, डालडा घेऊन लोक गल्लीतल्या बेकरीत जात आणि भट्टीतून भाजून आणलेले डबे घरी नेत. घरी करताना बिघडते ती तुपामुळे. पातळ तुपाची नानकटाई पत्र्यावर पसरून पापडी होते. तूप थिजलेलं हवं, आणि तळव्याने किंवा बीटरने पांढरंशुभ्र होईपर्यंत फेसलेलं. १०० ग्रॅम तुपाला ९० ग्रॅम पिठीसाखर, १५० ग्रॅम मैदा, २५ ग्रॅम बेसन, चिमूटभर सोडा, वेलदोडा-जायफळ. हवा गरम असेल तर गोळे करून अर्धा तास फ्रीजमध्ये. १६० अंशांवर अठरा ते वीस मिनिटं. बाहेर काढताना ती मऊच लागते. कडक होईस्तोवर आत ठेवली तर पत्रा गार होईपर्यंत ती खालून करपते.

खऱ्या नाताळच्या केकची सुरुवात मात्र ओव्हनशिवाय, कोजागरीच्या सुमारास, काचेच्या बरणीत होते. अर्धा किलो सुकामेवा: काळे मनुके १५०, बेदाणे १००, खजूर १००, सुकं अंजीर ५०, संत्र्याची पाकवलेली साल ७५, आल्याच्या वड्यांचे तुकडे २५. बेदाणा सांगली-तासगावचा मिळतो, उत्तम असतो. पुरंदरचं अंजीर ताजंच खावं. सुकं अंजीर बहुतेक बाहेरून येतं. हा सगळा बाजार मार्केट यार्डाच्या भुसार विभागात किंवा भवानी पेठेत होतो आणि केकचे डबे, बटर पेपर यांसाठी रविवार पेठेतली बोहरी आळी आहेच. टुटीफ्रुटी म्हणजे पाकातली कच्ची पपई, आणि डब्यातली लालभडक ‘चेरी’ म्हणजे बरेचदा रंगवलेलं करवंद. दोन्हींनी रंग येतो, चव नाही. घालायचीच हौस असेल तर मूठभर, त्यापुढे नको.

साल घरीच पाकवावी. दिवाळीच्या आसपास नागपुरी संत्री आलेली असतात. त्यांची साल सुटी आणि पातळ, पांढरा भाग थोडा. म्हणून दोनदा पाणी बदलून उकळली की कडूपणा जातो (मोसंबीला तीनदा लागतं). मग साखर आणि पाणी सारख्या मापाने घेऊन मंद आचेवर पाऊण तास, साल काचेसारखी पारदर्शक होईपर्यंत. संत्री यायची वाट पाहण्यात बरणी अडवून ठेवू नये; साल मागाहून घातली तरी चालते.

मेवा आधी कोमट पाण्यात धुऊन, कापडावर पसरून खडखडीत वाळवायचा. बेदाण्याला तेलकट लेप असतो, तो निघाला नाही तर रम आत शिरत नाही. मोठं फळ मनुक्याएवढं चिरायचं, नाहीतर केक कापताना अंजिराचा अख्खा तुकडा सुरीबरोबर ओढला जातो आणि काप फाटतो. यावर १५० मिली गडद रम. बरणी फ्रीजमध्ये नको, कपाटात. तीन-चार दिवसांनी एकदा उलटीपालटी करायची. रम चालत नसेल तर संत्र्याचा रस गरम करून ओतावा, पण तो मेवा महिनाभर नव्हे, एक-दोन रात्री आणि तोही फ्रीजमध्येच. रसाला ऑक्टोबरच्या हवेत बाहेर ठेवलं तर तो स्वतःच आंबायला लागतो.

पुण्याचं आणि ओव्हनमधून निघालेल्या वस्तूंचं नातं तसं जुनं आणि तापट. १८९० मध्ये पंचहौदच्या ख्रिस्ती मिशनमध्ये टिळक, रानडे यांच्यासह गावची बडी मंडळी जमली, पुढे चहा-बिस्किटं आली, मग हजेरीची नावं छापून आली आणि असं ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचं भांडण, पेटलं की प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. आज त्याच शहरात कॅम्पातल्या कयानी बेकरीसमोर श्रूजबेरी बिस्किटांसाठी सगळ्या पेठा रांगेत उभ्या असतात. आणि पुण्यातल्या मराठी ख्रिस्ती घरांत नाताळला केकच्या शेजारी करंज्या, चकल्या, शंकरपाळे असतातच. फराळाचं ताट आणि केक यांचं भांडण लावणाऱ्यांनी एकदा ते ताट बघावं.

केक भाजायचा नोव्हेंबरच्या शेवटी, म्हणजे मुरायला तीन-चार आठवडे मिळतात. काळा रंग कोको घालून आणू नये. तो कॅरॅमलचा हवा. ७५ ग्रॅम साखर जाड बुडाच्या कोरड्या कढईत, मध्यम आचेवर. ढवळायचं नाही, कढई फक्त हलवायची. कडेची साखर आधी पातळ होते, मग सोनेरी, मग तांबूस. इथे बहुतेकांचा धीर सुटतो आणि गॅस बंद होतो; असा कॅरॅमल नुसता गोड लागतो. आणखी थांबायचं. रंग कडक कॉफीसारखा झाला, बारीक बुडबुड्यांचा फेस वर आला आणि पहिली धुराची रेघ उठली की त्या क्षणी गॅस बंद, आणि हात लांब ठेवून ७५ मिली गरम पाणी. गार पाणी ओतलं तर साखर दगड होते आणि शिंतोडे तोंडावर येतात. हे सगळं जमत नसेल तर कोल्हापूरकडची काकवी दोन मोठे चमचे घालावी. रंग थोडा फिका, पण चव झकास.

२०० ग्रॅम बिनमिठाचं बटर आणि १५० ग्रॅम बारीक केलेली साखर पांढुरकी होईपर्यंत फेटा. चार अंडी, एकेक करून. अंडी फ्रीजमधली असतील तर मिश्रण फाटतं, दह्यासारखं दिसू लागतं. डिसेंबराच्या तोंडावर हे हमखास होतं. घाबरू नये. चमचाभर मैदा टाकावा आणि भांडं काही सेकंद कोमट पाण्यात धरावं, पुन्हा सांधतं. मग कोमट झालेला कॅरॅमल, २०० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम बदामाची पूड, एक चमचा बेकिंग पावडर, दालचिनी-लवंग-जायफळ-सुंठ मिळून दीड चमचा. मैदा गेल्यावर फेटणं बंद. नुसतं वरखाली करायचं, कारण जास्त फिरवलं की चिवट होतो आणि आत बोगदे पडतात. शेवटी मेवा, निथळून आणि दोन चमचे मैद्यात घोळवून. मेवा तळाशी बसतो तो मिश्रण पातळ असलं तर. हे मिश्रण चमच्यावरून जड गोळ्यासारखं पडायला हवं.

आठ इंची डब्याला आतून बटर पेपरचे दोन थर, बाहेरून वर्तमानपत्राची चौपदरी पट्टी सुतळीने बांधलेली. १५० अंशांना कागद पेटत नाही, फक्त तो कॉइलला टेकणार नाही एवढं बघा. या पट्टीमुळे कडा मधल्या भागाच्या आधी वाळून जात नाहीत. १५० वर एक तास, मग १४० वर सव्वा तासाच्या आसपास. ओटीजीच्या, म्हणजे घरच्या छोट्या विजेच्या ओव्हनच्या, बटणावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये, वीस अंशांची चूक सर्रास असते. साखर १८६ अंशांना वितळते, तेव्हा वाटीत चमचाभर साखर ठेवून १७५ वर पंधरा मिनिटं लावा: वितळली तर ओव्हन जास्त तापतो. मग १९५ वर लावा: तरीही कोरडी राहिली तर कमी तापतो. केकला डोंगर येऊन चीर पडली तर आच जास्त होती. वरची साल आधी धरली आणि आतलं मिश्रण वाट फोडून आलं. मधे खड्डा पडला तर पावडर जास्त, किंवा पहिल्या तासात दार उघडलं गेलं. आणि हा केक गुरुवारी लावू नये. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज जायची ती बहुधा त्याच दिवशी. गेलीच तर दार बंद ठेवून वाट पाहायची; पंधरा-वीस मिनिटांनी काही बिघडत नाही.

सुई कोरडी निघाली म्हणून लगेच काढू नका, डबा बाहेर घेऊन कान जवळ न्या. आत ओल असेल तर बारीक चरचर ऐकू येते, साबुदाणा तळताना कढईच्या शेवटी येते तशी. ती जवळजवळ थांबली की केक झाला. डब्यातच गार करायचा. सुईने भोकं पाडून दोन चमचे रम, मग बटर पेपर आणि वरून फॉइल. फॉइल थेट नको, फळांच्या आंबटपणाने तिला भोकं पडतात. दर आठवड्याला चमचाभर रम पुरे. जास्त पाजलं तर तळ लगदा होतो.

अंडं नको असेल तर दर अंड्यामागे ६० ग्रॅम घट्ट दही आणि एकूण अर्धा चमचा सोडा. हा केक मुरवायचा नाही. फ्रीजमध्ये ठेवून आठवड्यात संपवायचा. रमचा मात्र २५ डिसेंबरला फ्रीजमध्ये तासभर गार करून, करवती सुरीने बोटभर जाडीचे काप करावेत. वीस सेंटिमीटरच्या केकमधून तीसेक माणसं सहज होतात. डब्यांवर ‘अंडं आहे’, ‘रम आहे’ अशा चिठ्ठ्या आधीच लावा. पुण्यात केक हातात पडताच ‘एगलेस ना?’ हा प्रश्न येतोच, आणि रमबद्दल विचारणारे दोन प्रकारचे असतात: एक डबा परत देणारे, दुसरे आणखी एक काप मागणारे.