निर्यातशुल्काच्या दुसऱ्या दिवशी फोडलेली चाळ

१९ ऑगस्ट २०२३ला कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निफाड तालुक्यातल्या एका कांदाचाळीपुढे, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडपुढे, उभा होतो. एप्रिलात भरलेली, ४० फुटी, दुपाखी, म्हणजे दोन बाजूंना दोन कप्प्यांची. भरताना २५० क्विंटल. चाळीचे मालक काका एकच विचारत होते, "साहेब, भाव कुठवर जाईल?"

शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत होतं, पण मध्येच उठेल, वाढेल की थेट बंदी येईल, हे लासलगावातला जुना व्यापारीही सांगू शकत नव्हता. दहा वर्षांच्या भावांची सरासरी इथे कामाची नाही. सरकारी निर्णयाला सरासरी नसते. म्हणून भाव बाजूला ठेवून आधी माल बघितला.

टोकाचा कांदा बघून फसायला होतं. तिथे वारा लागतो, कांदा छानच दिसतो. मधोमध, तीन ठिकाणी फळ्या काढून बुडातून २० किलोचं एकेक क्रेट भरलं. दोन क्रेटांत सड जेमतेम किलोभर. पश्चिमेच्या पाखीतल्या तिसऱ्यात मानेवर अंगठा दाबला की आत जायचा, काळं पाणी यायचं. साडेतीन किलो सड, ११ कांद्यांना कोंब. थर पाच फुटांऐवजी साडेसहा फूट रचलेला आणि खालच्या मोकळ्या जागेत रिकामं बारदान कोंबलेलं. खालून हवा मिळणार कुठून?

पश्चिमेचा माल लिलावात मिळेल त्या भावाने काढायचा ठरला. लिलाव सोमवारपासून बंदच पडले, म्हणून निवड करून खाद, म्हणजे सडका-खराब कांदा, बाहेर टाकली, बाकीचा सावलीत पातळ पसरला. चांगल्यातला ६० क्विंटल लगेच विकायचा: भाव निम्म्यावर आला तरी सोसायटीच्या कर्जाचा हप्ता आणि लाल कांद्याची लागवड त्यात भागत होती. काकांना हे पटेना. "आणि वाढला तर?" वाढला तर राखलेल्या कांद्यात मिळेलच, पडला तर हप्ता कशातून भरणार, एवढंच मी विचारलं.

राखलेल्याला भावाची अट घातली नाही, सडीची घातली. दर १५ दिवसांनी मधलं क्रेट काढायचं, सड दोन किलोच्या वर गेली की त्याच आठवड्यात बाजार.

ऑक्टोबरात भाव चढले. २८ तारखेला टनामागे ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य आलं, म्हणजे त्याहून स्वस्तात निर्यात नाही, डिसेंबरात निर्यातबंदी. काकांची शेवटची ट्रॉली नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच गेली होती. त्या वेळी क्रेटात सव्वादोन किलो सड निघाली होती.