कागद तुमचा, मजकूर माझा

पत्र पाकिटात गेलं की लिहिणाऱ्याकडे काही उरत नाही. मेसेज पाठवणाऱ्याच्या फोनमध्येही राहतो. हातानं लिहिलेल्या पत्राची प्रत एकच, आणि तीही दुसऱ्याच्या कपाटात. मनातलं लिहायचं आणि ते त्याच्याच स्वाधीन करून मोकळं व्हायचं, हा व्यवहार तसा धाडसाचाच. कायद्यालाही त्याचा पेच पडला होता. कागद ज्याला पत्र आलं त्याचा, पण मजकूर छापायचा हक्क लिहिणाऱ्याचा, असा निवाडा इंग्लंडमधल्या न्यायालयानं १७४१ साली दिला. आजही बहुतेक ठिकाणी साधारण हीच वाटणी चालते. तेव्हा पत्र टिकवायचं कामही दोघांचंच.

लिहिणाऱ्याचं काम वरच्या कोपऱ्यातच सुरू होतं. तिथे पूर्ण तारीख हवी, सालासकट. ‘मंगळवार, रात्री’ एवढ्यावर भागवणारे पुष्कळ असतात. त्या आठवड्यापुरतं ते चालतं. वीस वर्षांनी गठ्ठा सोडला की बहिणीचं ते पत्र लग्नाआधीचं की नंतरचं, यावर घरात वाद होतो. उत्तर लिहिताना आलेलं पत्र समोर उघडं ठेवावं आणि त्यातल्या प्रश्नांची उत्तरं आधी द्यावीत, आपल्या बातम्या मागाहून. विचारलेलं तसंच राहून गेलं की समोरचा पुढच्या वेळी विचारत नाही. रागाच्या भरात लिहिलेलं पत्र रात्रभर पाकिटाबाहेर राहू द्यावं आणि सकाळी लाज वाटली तर ते पान नव्यानं लिहावं. बाकी पत्रांत मात्र खाडाखोडीला भिऊ नये. एका रेघेनं खोडलं की खालचा शब्द वाचता येतो. ‘नक्की येते’ खोडून ‘जमलं तर येते’ केलेलं असेल, तर वाचणाऱ्याला जे कळायचं ते तिथेच कळतं.

शाईच्या बाबतीत बहुतेकांची फसगत होते. शाईपेनच्या नेहमीच्या शाईत रंग पाण्यात विरघळलेला असतो. उजेडात तो फिका पडतो आणि पाण्याचा थेंब पडला की ओळच पसरते. पिगमेंट शाईतले बारीक कण विरघळत नाहीत, कागदाच्या तंतूंत जाऊन बसतात, म्हणून ती टिकते. फक्त ती पेनात वाळू द्यायची नाही, नाहीतर निब चोंदते. बॉलपेनची शाई तेलकट असल्यानं पाण्याला दाद देत नाही, पण उजेडात तिचाही रंग उडतो. तरी बॉलपेन दाबून चालतं आणि कागदावर चरा उमटतो, त्यामुळे रंग गेल्यावरही बाजूनं तिरपा उजेड टाकला की अक्षर वाचता येतं. पेन्सिलीचं लिखाण उडत नाही, घासून मात्र पुसट होतं. घासून पुसता येणाऱ्या जेलपेननं पत्र लिहूच नये. ती शाई ६० अंशांच्या आसपास दिसेनाशी होते, आणि बंद गाडीत उन्हात राहिलेलं पत्र कोरं निघू शकतं.

कागद ९० ते १०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) असला की दोन्ही बाजूंनी लिहिता येतं. आम्लविरहित मिळाला तर उत्तम. स्वस्त कागद त्याच्यातल्या लिग्निननं, म्हणजे लाकडातून आलेल्या एका घटकानं, पिवळा पडतो आणि आम्लानं ठिसूळ होतो. तुटतो तो आधी घडीवर. म्हणून लिहिण्यापूर्वीच हलकी घडी पाडून ती ओळ मोकळी सोडावी.

ज्याला पत्र येतं त्याच्या हातून नुकसान होतं ते बहुधा प्रेमापोटीच. फाटलेल्या घडीवर चिकटपट्टी लावली जाते. काही वर्षांत तिचा गोंद कागदात उतरून तपकिरी डाग पडतो. लॅमिनेशन उष्णतेनं होतं आणि पुन्हा सुटत नाही. रबरबँड वितळून चिकटतो, टाचणी गंजते, पीव्हीसीच्या कव्हरात अक्षरं प्लास्टिकला लागून निघतात. पत्रं उलगडून, सपाट, आम्लविरहित फोल्डरमध्ये ठेवावीत. बांधायचीच असतील तर सुती फीत घ्यावी. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांवर राहिली की बुरशी धरते, तेव्हा बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट नको. पाकीट फेकू नये. आत तारीख नसेल तर शिक्का कामी येतो.

इतकं सांभाळूनही आपल्या कपाटात संवादाचा अर्धाच भाग असतो. मैत्रिणीनं ‘मुळीच नाही!’ असं ठसठशीत लिहिलेलं दिसतं, पण आपण विचारलं काय होतं, ते आठवत नाही. तो प्रश्न तिच्याकडे असतो. यावर उपाय म्हणजे दोघांनी आपापल्या गठ्ठ्याची स्कॅन एकमेकांना पाठवणं: ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), दोन्ही बाजू, पाकिटासकट. फाइलच्या नावात आधी साल, मग महिना, मग दिवस घातला की दोन्ही गठ्ठे एका फोल्डरमध्ये टाकल्यावर प्रश्न आणि उत्तरं आपोआप ओळीनं लागतात.