माईला पाठवलेले फोटो

काल रात्री माईला भीमाशंकरचे फोटो पाठवले. निवडून, क्रम लावून. आधी डिंभ्याच्या अलीकडचे पळस, मग पांगारा, मग करवंदीच्या जाळ्या आणि शेवटी अंजनी. अंजनीचेच सगळ्यात जास्त. सकाळी उठल्या उठल्या फोन पाहिला. शेवटच्या फोटोखाली एक अंगठा होता. पिवळा. बाकी काही नाही.

दिवस तसा कामातच गेला. पाडव्याच्या गाठी आणल्या, गुढीसाठी ठेवणीतली साडी काढून ठेवली, माळ्यावरचा वेळू खाली काढून घेतला. पण हात रिकामा झाला की पुन्हा तेच. वाईट वाटावं असं त्यात काय आहे? पाहिले, आवडले, एवढाच त्याचा अर्थ. घरातले सगळे एकमेकांना असे अंगठे पाठवतात, मीही पाठवते. पण माईने? आणि अंजनीला?

आमचं ठरलेलं असायचं. महाशिवरात्रीला भीमाशंकरला पाय ठेवायला जागा नसते. ती गर्दी ओसरू द्यायची आणि होळीच्या मागेपुढे निघायचं. माईचा फोन यायचा. कशी आहेस वगैरे काही नाही, थेट "पांगारा सुटला असेल गं." मी म्हणायची, "अंजनीला अजून वेळ आहे." त्यावर तिचं ठरलेलं, "तुझ्या अंजनीला नेहमीच वेळ असतो." यंदा तो फोन आला नाही. येणार नव्हताच, ते मला माहीत होतं. तरी होळीपासून मी त्याची वाट पाहत होते.

शेवटी धाकट्याला म्हटलं, घेऊन चल. तो बिचारा सुट्टी टाकून आला. मंचर, घोडेगाव, मग डिंभ्याचं धरण. घोडेगाव सोडलं की माई गाडीची काच खाली करायची, धूळ येऊ दे नाहीतर झळ. डावीकडचे पळस तिचे, उजवीकडचे माझे. यंदा मी दोन्ही बाजूंना बघत होते.

सह्याद्रीतली फुलं म्हटली की सगळ्यांना भाद्रपद आठवतो. कासचं पठार, तेरडा, सीतेची आसवं, गाड्यांच्या रांगा. ती फुलं सुंदरच आहेत, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण आपल्याकडचा वसंत जमिनीवर शोधायचा नसतो. जमीन तेव्हा तापलेली असते, गवत वाळून कडक झालेलं, कुठे कुठे वणव्याने काळं पडलेलं. वसंत वर असतो. पळस, पांगारा, काटेसावर आधी अंगावरची पानं टाकून देतात आणि मग फुलतात. पान आड येत नाही, त्यामुळे पाखरांना तो रंग लांबून दिसतो. आणि फूल गळून, शेंग धरून, बी तयार होईपर्यंत पाऊस दाराशी आलेला असतो. काटेसावरीची बोंडं ऐन उन्हाळ्यात तडकतात, कापूस बी घेऊन उडतो आणि बी मातीत पडतं न पडतं तोच मृग. किती नेमकं जमवून आणलंय हे झाडांनी. हे मला माईनेच सांगितलं होतं, एका पांगाऱ्याखाली डबा उघडून बसलो असताना. तिच्या मांडीवर फुलं पडत होती आणि ती झटकत नव्हती.

वरचं जंगल मात्र वेगळं. भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ मध्ये जाहीर झालं ते मुख्यतः शेकरूसाठी. सुमारे १३१ चौरस किलोमीटर, पुणे, ठाणे, रायगड अशा तिन्ही जिल्ह्यांत पसरलेलं. माथ्यावरच्या रायांत अंजनी, जांभूळ, पिसा ही मुख्य झाडं. ही पानं टाकत नाहीत. ऐन उन्हाळ्यातही आत शिरलं की सावली इतकी दाट की क्षणभर डोळ्यांना काही दिसत नाही. पिशाची कोवळी पालवी याच दिवसांत येते, मऊ, लवदार, फांदीच्या टोकाला खाली मान घालून लोंबणारी. शिवाय या झाडांच्या शेंड्यांवर शेकरूची घरटी. एकच शेकरू चार-सहा घरटी बांधतं, त्यातल्या एखाद्यातच राहतं. याचं माईला फार कौतुक होतं. नाशिकच्या घराचं झालं तेव्हा ती म्हणाली होती... जाऊ दे, ते आज नको.

आमची जागा गुप्त भीमाशंकरच्या वाटेवरून जरा आत आहे. जिथे भीमा म्हणजे कातळावरून जाणारी ओल एवढीच असते, त्याच्या पलीकडे. हीच पुढे पंढरपूरला चंद्रभागा होते यावर तिथे उभं राहून विश्वास बसत नाही. धाकट्याला फोन येत होते, तो गाडीशीच थांबला. मी एकटी आत गेले.

आणि अंजनी फुलली होती. अशी की मी यापूर्वी पाहिली नाही. काही वर्षी जेमतेम असते, चार फांद्यांवर चिमूटभर. यंदा एकेक झाड बुंध्याच्या वरपासून निळं. ज्यांनी पाहिली नसेल त्यांना कसं सांगू? अंजनी फांदीच्या टोकाला फुलत नाही. पानांच्या बगलेत आणि जुन्या, जून झालेल्या काटक्यांवर, जिथून पानं कधीच गळून गेलीत तिथे झुबके येतात. एक फूल करंगळीच्या नखाहून लहान, चार पाकळ्या, पण शेकडोंनी एकत्र. लाकडालाच निळं शेवाळ धरावं तसं दिसतं. आणि हे सगळं वरच्या चकचकीत हिरव्या पानांच्या आड. रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसायचं नाही. पांगारा डोंगरापलीकडून हाक मारतो. अंजनीच्या खाली जाऊन उभं राहावं लागतं.

खाली पाचोळ्यावरही निळं पडलं होतं. सातेरी माश्यांचा आवाज सगळ्या रानभर. जांभळांना कळ्या आल्या होत्या. कडेच्या उघड्यावर करवंदी पांढऱ्या झालेल्या, आणि कुठून तरी कुसरीचा वास येत होता. वेल शोधला, सापडला नाही. वाऱ्याबरोबर वास यायचा आणि जायचा.

मी म्हटलं, "माई, बघ."

मोठ्याने म्हटलं. सवयीने. आणि मग तिथे उभं राहवेना.

तेव्हापासून हे चाललंय. एकटीने पाहिलेलं मला पुरत नाही. डोळे पाहतात, पण ते कुठे जमा होत नाही. म्हणून तर एवढे फोटो काढले. मला ती काळजी नव्हती की मी विसरेन. मला हवं होतं की कुणीतरी म्हणावं, अगंबाई! बास, एवढंच. उन्हातून, घाटातून, कंबरेला पट्टा बांधून मी गेले, आणि कुणाला त्याचं काय? धाकट्याने परत येताना विचारलं, "झालं का बघून?" प्रेमाने विचारलं, तरी झालं का बघून म्हणजे काय? घरी आल्यावर यांनी फोटो पाहिले आणि म्हणाले, छान आलेत. आणि मग तो अंगठा. ज्या एका माणसाला त्या निळ्याची किंमत आहे असं मी धरून चालले होते, त्या माणसाचा.

दुपारी थोडं रडले. माईसाठी नाही, मला माझंच वाईट वाटत होतं. आता आपण दोघींपैकी एकीनेच पाहायचं आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही, असेच फाल्गुन येणार, असं वाटून. भाऊजी गेले तेव्हाही तिने मला असंच...

चारच्या चहानंतर ते फोटो पुन्हा उघडले. मन लावून पाहिले. त्यांत निळा नाही. जांभळट काहीतरी आहे. झुबक्यांच्या आतला काळोख नाही, माश्या नाहीत, माथ्यावरचा थंडावा नाही. फुलं केवढी तेही कळत नाही, कारण शेजारी बोट नाही, माणूस नाही. आणि मी तिच्याकडे जे पाठवलं ते हे. ती त्या छोट्या पडद्यावर, चष्मा कपाळावर ढकलून, त्या खोलीत, हे पाहणार. आणि त्यावर लिहिणार काय? कसं लिहिणार? तिच्या उजव्या हाताबद्दल मला इथे लिहायचं नाही. पण तो अंगठा तिने कुठल्या हाताने दाबला असेल, नेमका शेवटच्या फोटोखाली, हे मी सकाळपासून एकदाही मनात आणलं नव्हतं. आणलं तेव्हा तो अंगठा मोठा झाला.

आता लिहिताना वाटतं, तिचं आणि माझं पाहणं कधी एक नव्हतंच. तिचे डोळे सदा वर. पांगाऱ्यावर शिंजीर किती, कोतवाल कुठे बसला, काटेसावरीवर मैना कशा भांडतायत. मी खाली बघत चालायची, पाचोळ्यात काय पडलंय ते. अंजनी आम्हाला सापडली ती माझ्यामुळे, वाटेवर निळं पडलेलं दिसलं म्हणून. घरटी सापडायची ती तिच्यामुळे. परतीच्या वाटेवर आम्ही एकमेकींना सांगायचो आणि तेव्हा कुठे ते रान पूर्ण व्हायचं. घाट उतरेपर्यंत आमचं तोंड बंद नसायचं. पुढे बसलेले भाऊजी रेडिओचा आवाज वाढवायचे.

यंदा मला वरही बघावं लागलं. मान अवघडली, पण पाहिलं. पांगाऱ्यावर बुलबुल होते आणि एक हळद्या. शेकरूचं घरटं जांभळाच्या शेंड्याला होतं, ताजं, हिरव्या डहाळ्यांचं. ते दिसलं तेव्हा मला आनंद झाला होता, खरा आनंद. त्या रडण्याच्या भरात तो मी विसरूनच गेले होते. म्हणजे एकटीने पाहिलेलं अगदीच वाया गेलं नाही. थोडं पुरलं. जेवढं पुरलं तेवढं पुरलं, उरलेलं पुरायचं नाही, आणि ते तसंच राहणार, असं आता निवांतपणे म्हणता येतंय. सकाळी म्हणता आलं नसतं.

अंजनी आणखी काही दिवस राहील. मग पाकळ्या झडून देठाशी नुसत्या गुलाबी वाट्या उरतील. तोवर जांभूळ फुलेल. बहाव्याला अजून अवकाश. धाकटा म्हणतो, चैत्रात पुन्हा नेतो. बघू कंबर काय म्हणते.

माईला मात्र फोटो आता नकोत. ऐकू तिला नीट येतं. बोलणं अडखळतं, पण ऐकणं अडखळत नाही, आणि हसते ती अजून पूर्वीसारखीच, सगळं अंग हलवून. उद्या पाचनंतर फोन करायचा, तिची बाई येऊन गेली की. फोन उशीजवळ ठेवून द्यायला सांगायचं. पळसांपासून सुरुवात करून अंजनीपर्यंत सगळं सावकाश सांगायचं. त्याआधी कुंभ्याचं. उतारावरचे कुंभेही फुललेत यंदा, रात्रीची फुलं सकाळी बुंध्याशी खच पडलेली, ते लांब लांब गुलाबी केसर आणि तो नकोसा वास. कुंभ्याच्या त्या वासाचा माईला भयंकर तिटकारा. नाकाला पदर लावून पळायची. नुसतं नाव काढलं तरी ती काहीतरी बोलल्याशिवाय राहायची नाही.